खोटा चेंडू, खरा घाम

(नागपुरात सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमात झालेलं भाषण)

दुपारची भांडी आटोपून, कुलरसमोर जरा टेकून रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या आणि आज्यांना माझा नमस्कार.

मी बचत गटांची समन्वयक. माझ्या तोंडून तुम्ही नेहमी पंचसूत्री ऐकता: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. आज मी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. थांबा, रेडिओ बंद करू नका! हा विषय माझ्याकडे कर्जाच्या अर्जातूनच आला. आमच्या एका गटात त्यावरून जेवढं भांडण झालं, तेवढं शिलाई मशीन आणि शेवयांच्या मशीनवरून मिळूनही झालं नसेल.

गोष्ट मागच्या एप्रिलची. आमच्या गटातली एक ताई कॉलेजच्या मुलांना डबे देते. नागपूरच्या डबेवाल्या बायांचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. परीक्षा संपल्या की मुलं गावाला जातात, खोल्या रिकाम्या होतात आणि मे-जूनमध्ये डबे बंद. विदर्भातल्या शाळा-कॉलेजांचा उन्हाळा लांब असतो. घरभाडं मात्र सुट्टी घेत नाही. तर ही ताई बैठकीत म्हणाली, "माझी पुढची खोली दुपारी रिकामी असते, टीव्ही आहे, कुलर आहे. मी हात हलवून खेळायच्या व्हिडिओ गेमचा संच घेते. गल्लीतली मुलं उन्हात फिरण्यापेक्षा माझ्याकडे खेळतील. पंधरा मिनिटांचे 10 रुपये. मला गटाचं कर्ज पाहिजे."

आमच्या सचिव काकू चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "खेळण्याले कर्ज? काहून व बाई, लहान आहेस का तू?"

अर्ज होता 9,000 रुपयांचा. परदेशातून परत आलेल्या एका कुटुंबाचा जुना संच तिला मिळत होता. हातात काठीसारखा रिमोट धरायचा आणि टीव्हीसमोर उभं राहून तो फिरवायचा. टीव्हीतला माणूस टेनिस खेळतो, बोलिंग करतो, नाचतो. पण ताईचा मुलगा मध्येच बोलला, "आई, ते जुनं झालं. त्यात काहीच खरं वाटत नाही. आता डोळ्यांवर चढवायचा हेडसेट येतो. आपण स्टेडियममध्येच उभे आहोत असं वाटतं. घ्यायचं तर तेच घे." त्याची किंमत होती तिप्पट.

म्हणजे आमच्यापुढे प्रश्न असा आला, मैत्रिणींनो: खेळात खरेपणा जास्त पाहिजे की मजा जास्त पाहिजे? आणि खरेपणासाठी गटानं तिप्पट पैसे मोजायचे का? गटाचा पैसा म्हणजे कोणाच्या तरी भाजीतून वाचलेले शंभर-शंभर रुपये. शेवटी ठरलं, की शिलाई मशीन घेताना जशी आधी चालवून पाहतो, तसं हेही चालवून पाहायचं. मुलाच्या मित्राकडे हेडसेट होता, जुना संच ताईनं दोन दिवसांसाठी मागून आणला. एका रविवारी दुपारी बारा बाया तिच्या खोलीत जमल्या.

त्या दुपारबद्दल सांगण्याआधी ही यंत्रं चालतात कशी, ते थोडं सांगते.

आपल्या वयाच्या बायांनी लहानपणी टीव्हीवरचा बदकांचा खेळ पाहिला असेल. भावासाठी आणलेला संच, त्यात एक प्लास्टिकची बंदूक. बदक उडालं की गोळी मारायची, चुकलं की कुत्रा फिदीफिदी हसायचा. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघतं. खरं म्हणजे काहीच निघायचं नाही. उलट बंदूकच टीव्हीकडे पाहायची. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीला तो उजेड दिसला, की नेम लागला. म्हणून पडद्याला बंदूक टेकवून मारणारा भाऊ नेहमी जिंकायचा!

पुढे 2006 मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं 'वी' नावाचं यंत्र आणलं. त्याच्या रिमोटमध्ये हाताचा झटका ओळखणारा छोटा भाग होता. टीव्हीजवळ एक पट्टी ठेवायची. ती पट्टी आपल्याला पाहते असं सगळ्यांना वाटतं, पण तिच्यात फक्त डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात. पाहणारा कॅमेरा असतो रिमोटच्या तोंडाशी. पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम चालतं म्हणतात, ते यामुळेच.

त्या काळात सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्या चित्र किती हुबेहूब दिसतं यामागे लागल्या होत्या. घामाचा थेंब दिसावा, गवताची पात दिसावी. निन्टेन्डोचं यंत्र त्यांच्यापुढे कमी ताकदीचं होतं. बहुतेक देशांत यंत्रासोबतच मिळणाऱ्या 'वी स्पोर्ट्स' या खेळातल्या बाहुल्यांना तर दंडच नाहीत. धडाशेजारी गोल हात नुसते तरंगतात. टेनिसमध्ये आपण धावायचंही नाही, बाहुली स्वतःच चेंडूपर्यंत पळते, आपण फक्त वेळेवर हात फिरवायचा. तरी हे यंत्र जगभरात 10 कोटींवर विकलं गेलं, समोरच्या दोघांच्या त्याच काळातल्या यंत्रांपेक्षा जास्त. कारण ज्यांनी जन्मात व्हिडिओ गेम हातात घेतला नव्हता, त्या आजी-आजोबांनीही ते घेतलं. दहा बटणं शिकायची नव्हती, फक्त हात हलवायचा होता.

मग लोक म्हणाले, आणखी खरं पाहिजे. 2009 मध्ये निन्टेन्डोनं रिमोटला जोडायचा नवा भाग काढला, त्यानं मनगट किती वळलं तेही कळू लागलं. 2010 मध्ये सोनीनं टोकाला चमकणारा गोळा असलेली काठी आणली. मायक्रोसॉफ्टनं 'कायनेक्ट' नावाचा कॅमेरा आणला, त्यात हातात काहीच धरायचं नाही, आपलं सगळं अंगच रिमोट. ऐकायला किती छान! पण त्याला टीव्हीसमोर सहा ते आठ फूट मोकळी जागा लागते. आता सांगा, दिवाण, कपाट, शिलाई मशीन आणि गॅसची टाकी असलेल्या आपल्या खोलीत आठ फूट कुठून आणायचे? शिवाय आपण हात हलवल्यावर चित्र हलायला जाणवण्याइतका उशीर लागायचा. 2017 मध्ये ते बंदही झालं.

आपला महाराष्ट्रही यात मागे नाही. मुंबईच्या ट्राइन या कंपनीनं सोनीच्या त्या काठीसाठी गल्ली क्रिकेटचा खेळ तयार केला होता. काठी हीच बॅट. आणि 'जस्ट डान्स' नावाच्या नाचाच्या जगप्रसिद्ध खेळाच्या कामात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओचा हात आहे. म्हणजे जगात कुठेतरी एखादी मुलगी टीव्हीसमोर नाचत असेल, तर तिच्या नाचामागे आपल्या पुण्यातल्या कुणाची तरी मेहनत असेल.

आता येऊ या रविवारच्या दुपारीकडे.

आधी हेडसेट. मुलानं चढवला आणि बॅटिंग सुरू केली. तो खरंच स्टेडियममध्ये होता! पण आम्ही कुठे होतो? आम्ही बारा जणी भिंतीला टेकून, हवेत हात मारणाऱ्या पोराकडे पाहत बसलो होतो. त्याला जे दिसत होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. त्यानं जोरात फटका मारला आणि कपाटावरची डब्यांची चवड खाली आली. मग एका तरुण सुनेनं चढवला. दोन मिनिटांत म्हणाली, "मले गरगरून राहिलं," आणि खाली बसली. सचिव काकूंनी तर हातच लावला नाही. म्हणाल्या, "डोळे झाकून मी माझ्या घरात नाही फिरत, इथं काय फिरू?"

मुलगा हिरमुसला. पण त्याची एक गोष्ट मी मनात ठेवली. तो म्हणाला, "काकू, मला बॉल येताना खरोखर भीती वाटली." ही खरेपणाची ताकद आहे, ती नाकारून चालणार नाही. ज्याला खेळ शिकायचा आहे, त्याला ती भीती कामाची आहे. आमच्या खोलीला ती कामाची नव्हती, एवढंच.

मग जुना संच. पहिली पाळी अध्यक्ष ताईंची, बोलिंग. रिमोटचं खालचं बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना सोडायचं. त्यांनी हात मागे असतानाच सोडलं. चेंडू मागच्या प्रेक्षकांत गेला आणि टीव्हीतले सगळे प्रेक्षक एकदम दचकून उडाले! आम्ही असे हसलो की शेजारीण काय झालं ते पाहायला आली आणि तिचाही नंबर लागला. तासाभरात सगळ्या जणी खेळल्या. मी गटांच्या शेकडो बैठका घेतल्या आहेत, पण ज्या बाईचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती "माझा नंबर, माझा नंबर" म्हणून ओरडत होती. नंतर तिनं मला हळूच सांगितलं, "ताई, लग्नानंतर मी काही खेळलीच नाही. बावीस वर्षं झाली."

मग नाचाचा खेळ लावला आणि तिथे भांडण पेटलं. पडद्यावरची बाहुली नाचते तसं नाचायचं, यंत्र गुण देतं. आमच्यातली एक ताई खरंच सुंदर नाचते. पाय, कंबर, मान, सगळं तालात. तिला गुण कमी! आणि गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून नुसता उजवा हात हलवणारी काकू पहिली आली! कारण उघड आहे. रिमोट उजव्या हातात, म्हणून यंत्राला दिसतो फक्त उजवा हात. पाय त्याच्या हिशोबातच नाहीत. नाचणारी ताई चिडली, "ही तर बेइमानी झाली!"

मला त्या वेळी आपला तान्हा पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतात. ही चाल दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळात नागपुरात सुरू झाली असं मानतात. मिरवणुकीत काही नंदी खऱ्या बैलाएवढे मोठे असतात. डोळे, शिंगं, वशिंड, सगळं हुबेहूब. लोक थांबून पाहतात, बक्षीसही त्यांनाच. पण तो नंदी ओढतात बापमाणसं, लेकरू नुसतं बाजूला उभं राहतं. आणि दुसरीकडे चार बोटांचा, रंग उडालेला, चाकं करकरणारा नंदी घेऊन एखादी पोट्टी दारोदार फिरते, बोजारा गोळा करते आणि रात्री त्याला उशाशी घेऊन झोपते. तिच्या नंदीला बैलाचं काय आहे? दोन शिंगं आणि एक दोरी. पण ओढायला तेवढं पुरतं.

भातुकलीचंही तसंच. खरी चूल पेटवली तर तो स्वयंपाक झाला, खेळ संपला. आणि नुसतं हवेत "भाजी झाली" म्हटलं तर त्यातही मजा नाही. चार चुरमुरे, गुळाचा खडा आणि शेंगदाणे लागतातच. खेळाला खरेपणा लागतो तो एवढाच, चुरमुऱ्याएवढा.

आणि चुरमुऱ्याचा भात मानायचा की नाही, हे ठरवतं कोण? खेळणारेच ठरवतात. त्या दुपारी आमच्या बायांनीही तेच केलं. यंत्र काही का गुण देईना, आम्ही आमचा नियम केला: उभं राहून, दोन्ही पाय हलवून नाचलं तरच गुण धरायचे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून नाचावं, पण त्यांची स्पर्धा वेगळी. नाचणारी ताई खूश, खुर्चीवाली काकूही खूश. जो खरेपणा यंत्रात नव्हता, तो आम्ही आमच्या कबुलीनं आणला.

कर्ज मंजूर झालं. जुन्या संचासाठी, 9,000 रुपये, नऊ हप्त्यांत.

आता मैत्रिणींनो, गोष्ट इथेच गोड करून संपवता आली असती. पण हिशोब चोख ठेवा असं मी तुम्हाला सांगते, तर माझी चूकही मला मांडली पाहिजे.

आमच्या गटात एक मावशी आहेत. साखरेचा आजार, त्यातून उजवा खांदा आखडलेला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, भिंतीवर बोटं चढवण्याचा. त्या करत नव्हत्या. म्हणायच्या, "भिंतीवर पालीसारखं काय चढू मी?" पण बोलिंगला त्यांचा हात आपोआप जात होता. मला फार आनंद झाला. मी म्हणाले, "मावशी, रोज येत जा, हाच तुमचा व्यायाम!" त्या येऊ लागल्या. आणि पाचव्या दिवशी टेनिस लावून, जिंकण्याच्या भरात दीड तास खेळल्या. दुसऱ्या दिवशी हात उचलता येईना, केस विंचरता येईनात. त्यांचा मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यानं एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर मी वाचलं, तेव्हा कळलं की ही जुनीच गोष्ट आहे. 2007 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात एक पत्र छापून आलं होतं. 29 वर्षांचा तरुण डॉक्टर टीव्हीवरचं टेनिस तासन् तास खेळला आणि सकाळी उजवा खांदा धरून उठला. स्नायूच्या शिरेला सूज. खऱ्या टेनिसमध्ये माणूस धावून दमतो आणि थांबतो. इथे धावायचं नसतं, दम लागत नाही, म्हणून माणूस थांबत नाही, आणि सगळा भार एका खांद्यावर येतो. चेंडू खोटा असला तरी खांदा खरा असतो. रॅकेटला वजन नाही, फटका बसल्याचा धक्का नाही, म्हणून हात कुठे थांबवायचा हे अंगाला कळत नाही.

फिजिओथेरपीमध्ये असे खेळ वापरतात, ही गोष्ट खरी आहे. पण तिथे शेजारी जाणकार उभा असतो, किती वेळ, कोणता हात, किती उंच, हे सांगायला. मी नुसतं "रोज येत जा" म्हणाले होते. मी मावशींबरोबर त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी आठ दिवस विश्रांती दिली आणि नंतर फक्त बोलिंग, दहा मिनिटं, तेही आधी भिंतीवरचा व्यायाम केल्यावर, असं ठरवून दिलं. मावशी आता भिंतीवर बोटं चढवतात, कारण त्याशिवाय ताई त्यांना रिमोट देत नाही!

आता हिशोब. मे आणि जूनमध्ये ताईकडे 6,400 रुपये जमले. रिमोटचे सेल, वीज आणि नव्या टीव्हीला जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरी जोडायचा अडॅप्टर यात 1,100 गेले. हातात राहिले 5,300. फार नाही, पण दोन महिन्यांचे हप्ते देऊन घरभाड्याला हातभार लागला. सुरुवातीला मुलांची गर्दी होती. तीन आठवड्यांत त्यांना कळलं, की हात पूर्ण न फिरवता नुसता मनगटाचा झटका दिला तरी चेंडू जातो. मग ती दिवाणावर लोळून खेळू लागली, आणि लोळून खेळता खेळता कंटाळून गेली. पाहा, खरेपणा अगदीच संपला की मजाही संपते. टिकल्या त्या बाया, कारण त्यांचा नियम पक्का होता: उभं राहूनच खेळायचं. दुपारी 3 ते 4 ही वेळ बायांची झाली ती आजही आहे. शेवटचा हप्ता ताईनं या जानेवारीत, संक्रांतीच्या बैठकीत भरला. वसुली सचिव काकूंनी लिहून घेतली आणि वर म्हणाल्या, "चाल, एक डाव होऊन जाऊ दे."

परीक्षा आता संपत आल्या आहेत. तुमच्या घरी असा संच असेल, किंवा कोणी गटातून घ्यायचा विचार करत असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, रिमोटचा पट्टा मनगटात घालूनच खेळायचं. घामानं रिमोट निसटतो आणि सरळ टीव्हीवर जातो. सुरुवातीचे पट्टे तुटत म्हणून निन्टेन्डोनं 2006 च्या डिसेंबरमध्ये सुमारे 32 लाख पट्टे बदलून द्यायची तयारी केली होती. दुसरी, खेळणाऱ्याच्या भोवती हात पसरून एक गिरकी घ्या. पंख्याला, बल्बला, लेकराला हात लागत असेल तर जागा बदला. तिसरी, पंधरा-वीस मिनिटं झाली की नंबर दुसऱ्याला. खांदा, गुडघा, कंबर, चक्कर, बीपी असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्या समन्वयकाला नाही. आणि चौथी, विकत घेण्याआधी ज्यांना खेळायचं आहे त्या सगळ्यांना खेळवून पाहा. दुकानदार चित्र किती खरं दिसतं ते दाखवेल. तुम्ही पाहायचं, बाकीच्या जणी भिंतीला टेकून बसल्या आहेत की "माझा नंबर" म्हणून ओरडत आहेत.

आणि संच नसेल, तर फुगडीला विजेचं बिल येत नाही. बावीस वर्षं वाट पाहू नका, एवढंच सांगते. पुढच्या भेटीत कर्जाच्या नोंदवहीबद्दल बोलू. तोवर नमस्कार.